मल्लेशची बाटली

प्रियदर्शनीने बाटली उजेडासमोर धरली आणि तशीच धरून राहिली. आतलं पाणी काल दुपारपर्यंत गुलाबी होतं. आता ते पिवळं पडून गढूळलं होतं.

दसऱ्याची सुट्टी होती, प्रयोगशाळेत दोघीच. मोरीपाशी नळ्या विसळणाऱ्या गौराबाईंनी मागं वळून बघितलं आणि नळ बंद केला.

त्या बाटलीत मल्लेशच्या पेशी होत्या. मल्लेश गौराबाईंचा नातू. पाचव्या वर्षी तो चालताना पडू लागला, सातव्या वर्षी अंथरुणाला खिळला, नवव्या वर्षी श्वास ओढायलाही अंगात बळ उरलं नाही. त्याच्या दंडाची मसुराएवढी कातडी प्रियदर्शनीने आधीच काढून घेतली होती. पोर मातीत गेलं, कातडीतल्या पेशी बाटलीत वाढत राहिल्या. गोठवून ठेवलेल्या जादा पेशी महापुराच्या आठवड्यात नायट्रोजनची गाडी आली नाही म्हणून मेल्या. उरली होती ही एकच बाटली.

मल्लेशच्या जनुकात एक अक्षर चुकलेलं होतं. तेच जनुक प्रियदर्शनीने जीवाणूंत घालून पाहिलं, तर त्यांनी बनवलेलं प्रथिन गोळे होऊन तळाशी बसलं. पण जीवाणू ते जीवाणू. माणसाच्या पेशीतही तसंच घडतं का, हे बघायचं राहिलं होतं. घडत असेल, तर प्रथिनाला सावरून धरणारं एक औषध त्या पेशींवर लावून बघता येणार होतं. मल्लेशला आता त्याचा उपयोग नव्हता. पण घरात त्याची चार वर्षांची बहीण होती, पवित्रा. "औषध असलं तर तिचं रगत तपासा, नसलं तर कळून काय करू," असं म्हणून सुनेने तिला इथं आणलंच नव्हतं.

प्रियदर्शनीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"जंतू शिरलेत. आणि हे काळे कण कसले?"

गौराबाईंनी ओले हात पदराला पुसले.

"इभूत हाय ती."

"विभूती?"

"काल खंडेनवमी. समद्या मशिनींस्नी झेंडू घातला. तुमी बी कुंकू लावलासा की. म्हटलं, ह्याला कोण लावणार? झाकण काढून डबीतली चिमूटभर सोडली."

"आत? मावशी, नऊ वर्षं काम करताय इथं. शिंक आली तरी बाहेर पळता तुम्ही."

"तापवलं की जंतू मरत्यात, तुमीच शिकवलासा. इभूत तर जळूनच झालेली. जळलेल्यात जंतू कुठला ऱ्हातोय, म्हटलं."

"आणि ती डबी किती वर्षांची?"

"सासूची हाय."

बाटलीचं झाकण प्रियदर्शनीने घट्ट पिळलं. दुसऱ्या पेशींना लागण व्हायच्या आत ही ऑटोक्लेव्हमध्ये, दाबाच्या वाफेच्या भांड्यात, घालून आतलं सगळं मारायला हवं होतं.

"आमच्यात जाळत न्हाईत, मॅडम."

"मी घालते. तुम्ही बाहेर बसा."

"ऱ्हाऊ दे. माझंच काम हाय."

गौराबाईंनी बाटली जाळीत उभी केली, भांड्याचं झाकण बसवलं, समोरासमोरचे स्क्रू आवळले आणि शेगडी लावली. मग स्टुलावर टेकल्या.

"आता फुडं?"

"आता बंद. हाच दोष असलेला दुसरा कुणी सापडला तरच पुन्हा सुरू. तसा लाखात एखादा."

प्रियदर्शनी वहीत तारीख घालू लागली. दाबाच्या काट्याकडे बघत गौराबाई म्हणाल्या,

"कातडी काढताना लई दुखतंय काय?"

"भूल देतो आपण. का?"

"मल्लेश कळता हुता. ही ल्हान हाय."

प्रियदर्शनीचं पेन थांबलं.

"कधीपासून?"

"श्रावणापासनं. खालनं उठताना गुडघ्यावर हात टेकून उठतीया. सुनंला वाटतंय, म्हातारीची नक्कल करतीया. ती हसतीया. मी बी हसतो."

दाबाचा काटा लाल रेघेवर आला. गौराबाई उठल्या आणि त्यांनी आच कमी केली.