हिरव्या फुलाचा रुमाल

चारुलताने रुमाल दोरीवरून काढला आणि उजेडात धरला. जेवताना वापरायचे बाकीचे लिननचे रुमाल एप्रिलच्या उन्हात पांढरेशुभ्र झाले होते. याच्या मधोमध मात्र तपकिरी डाग तसाच होता.

"प्रयागबाई, उकळत्या पाण्यात घातले होते का हे?"

"त मंग! तुपाचे डाग थंड्या पान्यानं जातेत का, बाई? कॉलेजात शिकवलं नाही तुमाले?"

"आणि हा डाग?"

"हळद हाय ते. उन्हात जाते."

धुणेवाली प्रयागबाई हसत घंगाळ उचलून गेली. चारुलता हसली नाही. हळद साबणाने लाल होते आणि उन्हाने उडते. उकळत्या पाण्याने कापडात पक्के बसते, ते रक्त.

कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचे फूल होते. प्रत्येक रुमालावर वेगळ्या रंगाचे फूल तिच्या नणंदेने, प्रमोदिनीने, स्वतः भरले होते. रविवारी प्रमोदिनीला पाहायला आलेल्या गिरिधरच्या ताटाशी हिरवे फूल ठेवले होते. जेवताना त्याला ठसका लागला, बराच वेळ थांबेना. उठताना इतरांनी रुमाल चुरगळून टाकले. त्याने आपला चौघडी घालून, कडा जुळवून ताटाजवळ ठेवला.

"किती नीटनेटका मुलगा," सासूबाई, सिंधूताई, नंतर म्हणाल्या होत्या.

प्रमोदिनी आत इस्त्री करीत होती. चारुलताने रुमाल तिच्यासमोर पसरला.

"हे रक्त हिरड्यांतलंही असेल. पण होकार देण्याआधी छातीचा फोटो मागू या. क्षयावर आता औषधं आहेत. लपवलं, तर त्यांचा काय उपयोग?"

"बाबा आज संध्याकाळी होकार घेऊन निघणार आहेत, वहिनी."

"म्हणून तर आत्ता सांगते."

"फोटो मागितला की ती माणसं परत येतील?" प्रमोदिनीने इस्त्री उभी केली. "आधीचे सगळे माझ्या रंगावरून गेले. हा माझ्याशी बोलला तरी."

"तुझ्या जिवाचा प्रश्न आहे गं."

प्रमोदिनीने शिवणाच्या डब्यातून सुई घेतली. एकेक टाका उसवून ती फुलाचा हिरवा दोरा ओढून काढू लागली. चारुलताने तिचे मनगट धरले. तेवढ्यात सिंधूताई दारात आल्या. त्यांची नजर थेट डागावर गेली.

"रक्त आहे का गं ते? कोणाचा रुमाल हा?"

चारुलताने तोंड उघडले.

"माझा, आई," प्रमोदिनी म्हणाली. "खोकला आला होता."

सिंधूताईंनी मागे वळून दिवाणखान्याकडे पाहिले. तिथे सासरे टोपी झटकत होते. सिंधूताईंनी दार हलकेच लोटून घेतले.

"हे त्या लोकांच्या कानावर जाता कामा नये," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "लग्न होईपर्यंत तरी. चारू, तूसुद्धा."

प्रमोदिनीने मनगट सोडवून घेतले. रुमालाची चौघडी घातली, डाग आत, कडा जुळवून, आणि वरून इस्त्री फिरवली.