आईचंच रक्त

पुष्पलतेचा हट्ट म्हणजे हट्ट. अकरा वर्षांच्या कुंदाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि धंतोलीच्या दवाखान्यात तिला रक्त चढवायची पाळी आली, तेव्हा या बाईनं परक्याची बाटली पोरीला लावूच दिली नाही. वर्षभरात चार वेळा स्वतःचंच रक्त दिलं. सहा वर्षांपूर्वी दुसरा संसार थाटून सक्करदऱ्याला गेलेला नवरा, मारोतराव, बातमी ऐकून रक्त द्यायला बाही सरसावत आला होता. त्याला तिनं दारातूनच पिटाळलं.

पुढं किडनी द्यायची वेळ आली. तीही आपलीच, हे तिनं गृहीतच धरलं होतं. रक्तगट एकच होता. दोघींचे नमुने मुंबईला तपासायला गेले, आणि तिकडून नकार आला. डॉक्टरांनी तिला बसवून समजावलं: पुन्हा पुन्हा तुमचं रक्त गेल्यानं पोरीच्या शरीरानं तुमच्याविरुद्धच अँटीबॉडीज तयार केल्या आहेत, तुमची किडनी बसवली तर ती काही तासांत मरेल. मग त्यांनी वडिलांची चौकशी केली. ज्याचं रक्त तिला कधी गेलं नाही, असा जवळचा माणूस तोच उरला होता.

दोन दिवस तिनं जाणं टाळलं. तिसऱ्या दिवशी ती सक्करदऱ्याला गेली.

"कुंदीले किडनी पायजे," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "माही चालत नाही."

त्यानं नाही म्हणावं, असं एक क्षण तिला खरंच वाटलं. त्या वाटण्याची लाज तिला पुढं कितीतरी दिवस पुरली.

"तपासाले कवा येऊ?" एवढंच त्यानं विचारलं.

त्याचा नमुना जुळला. पुष्पलतेनं पोरीला सांगितलं, तुझे बाबा किडनी देणार आहेत, उद्या इथं येतील. सुजलेल्या डोळ्यांची कुंदा उशीला टेकून उठून बसली. महिनोन्महिने तिनं कंगव्याला हात लावू दिला नव्हता.

"आई, माही वेणी घालून दे नं वं," ती म्हणाली. "बाबा मले अशी पाहीन तं काय म्हनंन?"

आणि ती हसली. तसं हसू आपल्यासाठी एकदा तरी उमटावं म्हणून पुष्पलतेनं आपल्या दोन्ही किडन्या काढून दिल्या असत्या. तिनं कंगवा घेतला आणि हलक्या हातानं गुंता सोडवू लागली.