पाटीवरचा शिक्का

आमच्या वाडीत पाटी घरोघर फिरायची. लाकडी फळी, तिला चाप, चापात कागद: पाण्याची वेळ, देवळाची झाडलोट, कुणाची मयत. वाचायचं, आपल्या नावापुढे आपल्या घरचा लाल शिक्का उमटवायचा आणि शेजारच्या दारात ठेवून यायचं. शिक्क्याचा अर्थ एवढाच, की पाहिलं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तो कितीदा तरी न वाचताच मारला.

अणुभट्टी फुटली, गाव रिकामं झालं आणि आमची अकरा घरं पत्र्याच्या खोल्यांत आली. पाटी तिथेही फिरू लागली, तेव्हा किती बरं वाटलं होतं.

चौथ्या वर्षी एका सकाळी गेंझो स्वतः पाटी घेऊन आला. तो आमचा वाडीप्रमुख, माझ्या नवऱ्याचा बालमित्र. मी मुळा खारवत होते. म्हटलं, ठेवा, सावकाश बघते. तो दारातच उभा राहिला. चहाही नको म्हणाला. पाटीसाठी कुणी असं थांबलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

मी हात पुसून चष्मा लावला. वरच्या पानावर अणुभट्टीच्या कंपनीने लिहिलं होतं की गावातल्या घरांच्या अंगणाची माती खरवडून काळ्या पिशव्यांत भरली, छपरं पुसली, घरामागचा डोंगर वीस मीटरपर्यंत झाडला, काम पूर्ण. ते खरंच होतं. मी पान उलटलं. खाली बारीक अक्षरांत होतं की यापुढची सफाई जमीनमालकाने स्वखर्चाने करावी, आणि शिक्का म्हणजे संमती.

डोंगर माझ्या नावावर होता. वीस मीटरच्या वर चेस्टनटची झाडं, अळंबी आणि आमच्या विहिरींचा झरा. पावसाबरोबर वरचं सगळं विष खालीच उतरणार. एकोणऐंशीव्या वर्षी मी अख्खा डोंगर कसा पुसणार होते?

"हे पाटीवर कशाला, भावजी?"

"सोय म्हणून, वहिनी. सगळे मारतातच की."

"दुसरं पान वाचून?"

तो बुटांकडे बघत म्हणाला, तुमच्या एकटीपायी सगळ्यांचं घरी परतणं अडेल. हे कुणी सांगितलं, असं मी विचारलं, तर कंपनीची माणसं भली आहेत, मिठाई घेऊन आली होती, एवढंच बोलला. माझ्या दारात तर कुणी आलं नव्हतं.

मी म्हटलं, पाटी मीच नेते. त्याने एक टोक सोडलं नाही.

"ज्यांनी सांडलं त्यांनी पुसू दे ना, भावजी. तुम्ही का त्यांचं फडकं घेऊन फिरताय?"

त्याने हात काढला.

पुढच्या घरी न जाता मी मागे वळले, थोरल्या जाऊबाईंकडे. हात्सुएबाईंचा शिक्का अगदी चौकटीत बसला होता.

"तुझं काय अडतंय गं?" त्या म्हणाल्या. "मला मरायला तरी माझं घर हवंय."

"आणि तोवर पाणी कुठलं पिणार?"

त्यांची विहीरही त्याच झऱ्याची. त्यांनी माझा चष्मा मागितला, दुसरं पान ओळीवर बोट ठेवून वाचलं, परत वाचलं. मग आपल्या शिक्क्यावर दोन रेघा ओढल्या आणि रद्द केल्याची खूण म्हणून त्या रेघांवर आपलाच शिक्का पुन्हा मारला.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता तिसरं घर."

आम्ही दोघी बाहेर पडलो. रांगेच्या टोकाला गेंझो आमच्याकडे पाठ करून फोनवर बोलत होता, तोंडावर हात धरून.