तिरसाची खूण

याकीमने आणखी एक दगड उलटला. त्याखालीही नुसती माती निघाली. सकाळपासून तो गुडघ्यांवर होता. नखं रक्ताळली होती आणि खालच्या वळणावर तांड्याचं गाणं ऐकू यायला लागलं होतं.

हिवाळी पावसाच्या पुराने ओढ्याची सगळी कड खाल्ली होती. खुणेचं काटेरी झुडूप गेलं, त्यामागचा बैठा खडकही गेला. जुन्या वाटेच्या जागी खड्डा पडला होता, म्हणून लोकांनी नवी वाट पाडली ती नेमकी या उतारावरून.

वल्हांडणाच्या सणाआधी, देवळाकडे निघालेल्या यात्रेकरूंना लांबून दिसाव्यात म्हणून, वाटेकडेच्या कबरींना चुना फासायचा, हे याकीमचं काम. यात्रेकरूचा पाय कबरीवर पडला की सात दिवसांचा विटाळ, आणि सणाला तर सहाच दिवस उरलेले. पाच-पाच दिवस टाचा फोडत आलेल्या माणसाला सणाचा घास मिळू नये, यापरता अन्याय नाही. यरीहो गावापासून घाटाच्या निम्म्यापर्यंतच्या साऱ्या कबरी याकीमला तोंडपाठ होत्या. त्यातली एक कुणाची, हे त्याच्या घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी तो आणि शलोमीत गालील प्रांताच्या तांड्याबरोबर सणाला याच वाटेने चालले होते. आठ महिन्यांची तिरसा आईच्या पाठीवर झोळीत तापाने फणफणलेली होती, ती भर दुपारी गप्प झाली. कळलं असतं तर विटाळाच्या भीतीने तांडा दोघांना तिथेच टाकून गेला असता, आणि ही वाट लुटारूंची. पायात काटा मोडल्याचं निमित्त करून दोघं मागे राहिली. याकीमने काठीने खड्डा खणला. मग शलोमीतने झोळीत चादर गुंडाळून भरली आणि त्यांनी तांडा गाठला. "किती गुणाचं लेकरू गं, रडत म्हणून नाही," एक बाई म्हणाली. मुक्काम येईपर्यंत शलोमीत ती चादर थोपटत राहिली. भ्यालेला माणूस काय काय करतो!

अंगाला विटाळ, म्हणून सणाला दोघं गेलीच नाहीत. गावी परतायला तोंड नव्हतं, म्हणून यरीहोचीच झाली. पुढे शलोमीतचे डोळे गेले. दर वर्षी याकीम कामावरून आला की ती एकच विचारायची, "लांबनं दिसती का?" तो म्हणायचा, "दिसती."

गाणं जवळ आलं. गप्प बसलं तर कोणाला काय कळणार होतं? गप्प बसायची तर त्याला सवयच होती. पण शंभर माणसं आणि गाढवं पोरीच्या डोक्यावरून जाणार, हे त्याला सोसवेना. मडक्यात अर्धाच चुना होता. पखालीतलं पिण्याचं पाणी त्याने त्यात ओतलं आणि उतारच्या उतार रंगवायला घेतला.

निम्मा उतार झाला आणि तांडा पोचला.

"ए चुनेवाल्या," तांड्याचा म्होरक्या जब्दी हसत म्हणाला, "वाट रंगवतोस व्हय? घरी लगीन काढलंय का?"

"इथनं जाऊ नका. वरच्या कड्यावरनं जा."

"वर ना सावली, ना पाणी. म्हाताऱ्या आहेत माझ्यासंगं."

"इथं कबर हाय."

"मग दाखव की. वळसा घालून जातो."

"सापडंना झालीय."

मागचे लोक हसले. "कबर हरवली म्हणतो! अरे, कुणाची?"

"माझ्या लेकीची." हे शब्द त्याने बाहेरच्या माणसासमोर कधीच उच्चारले नव्हते.

जब्दीचं हसू मावळलं आणि त्याची जागा रागाने घेतली. "आणि खूण करायला काय झालं होतं?"

"दर साल करत होतो. कुणाची ते तेवढं बोललो नाही. यंदा पुरानं नेली." याकीम म्हणाला. "मी कुठं निजवली तेच मला कळंना झालंय, दादा."

गाढवावर बसलेली एक म्हातारी पुढे वाकली. "नाव काय रे तिचं?"

"तिरसा."

"आण ते मडकं इकडं." तिने स्वतःची पखाल सोडून मडक्यात रिकामी केली.

"आत्या, वर थेंबभर पाणी नाही," जब्दी म्हणाला.

"मला सांगतोस? तू रांगत होतास तवापासनं चालत्ये मी ही वाट. वळव गाढव."

कुरकुरत, धापा टाकत तांडा कड्याला लागला. गाणं पुन्हा कोणी धरलं नाही. पांढरं पाणी संपेपर्यंत याकीम कुंचला फिरवत राहिला. शेवटच्या चार दगडांवर त्याने नुसतं मडकं पुसून घेतलं.

तो घरी पोचला तेव्हा शलोमीत उंबऱ्यावर बसली होती.

"लांबनं दिसती का?"

"दिसती," तो म्हणाला. मग म्हणाला, "सगळा उतार दिसतो."

उतार का, हे तिने विचारलं नाही.

"एका म्हातारीनं नाव विचारलं," याकीम म्हणाला.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

शलोमीतने हात चाचपत खांद्यावरची चादर काढली, मांडीवर घेतली आणि हळूहळू थोपटू लागली.