चांगुणाबाईंची काठी आणि कोलंबोचे चार तास

काठी आहे मी, बाभळीची. वय असेल चारेक वर्षांचं. आज बोलणार आहे ती रागानं बोलणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आष्टीच्या बाजारात काकासाहेब कुदळी-कुऱ्हाडींचे दांडे विकतात. मीही दांडाच व्हायची, पण तासताना मधे बाक निघाला आणि त्यांनी मला बाजूला टाकलं. त्याच दिवशी चांगुणाबाई आल्या. त्यांनी मला उचललं, जमिनीवर दोनदा टेकून पाहिलं आणि म्हणाल्या, "हीच दे. वाकडी हाये, पण वझं घेईल."

वझं म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक. अंकुशनगरच्या कारखान्याला जाणारा ऊस त्यांनी तीस वर्षं तोडला. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढता चढता गुडघे गेले. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात त्या लिहाय-वाचायला शिकल्या, वयाच्या चाळिशीत. गावच्या विहारात पौर्णिमेची वंदना आता त्याच सांगतात. मुलगा प्रितम याचं आष्टीत बियाण्याचं दुकान आहे.

मागच्या मार्चात एका बियाण्याच्या कंपनीनं, ज्या दुकानदारांनी जास्त माल विकला त्यांना जहाजाची सहल दिली. दोघादोघांची. प्रितमची बायको भावना शिक्षिका, तिला परीक्षेची ड्यूटी लागलेली. ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही जा."

"समुद्रात मला काय पहायचं?"

भावनानं सहलीचा कागद पुढं केला. चांगुणाबाईंनी चष्मा लावून बोट ठेवत ठेवत स्वतः वाचला. चौथा दिवस, कोलंबो शहर, चार तास, सोबत गाईड. विहार व बोधिवृक्ष दर्शन. त्यांनी ती ओळ परत वाचली.

"मंग येते," त्या म्हणाल्या.

चेन्नईच्या बंदरावर मला तपासणीच्या यंत्रातून दोनदा काढलं. जहाजावर तीन दिवस दुकानदार मंडळी जेवली, नाचली, पोहली. चांगुणाबाई डेकवर खुर्चीत बसून पाणी पाहत राहिल्या. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवीतून पांढरी साडी काढली. विहारात जाताना नेसतात ती.

बंदरात बस उभी होती. गाईडच्या हातात निळं निशाण, गळ्यात शिट्टी. कंपनीचा माणूस हरिओम दाराशी उभा राहून प्रत्येकाच्या छातीवर बसच्या नंबराचा, साताचा, कागद चिकटवत होता. "चला, जल्दी. दोन वाजता बंदरावर परत यायचंय."

पहिला थांबा समुद्रकिनारा. तीन दिवस समुद्रच पाहिलेल्या माणसांना परत समुद्र दाखवायला आणलं होतं. चांगुणाबाई पायऱ्या उतरून चार पावलं गेल्या तोच शिट्टी झाली. दुसऱ्या थांब्यावर हरिओम म्हणाला, "मावशी, तुम्ही गाडीतच बसा. तुमच्या काठीमुळं सगळ्यांना उशीर होऊन राह्यला."

माझ्यामुळं? मी नसते तर त्या बाईला दोन पावलंही टाकता आली नसती. उशीर काठीमुळं होत नाही, दहा मिनिटांत शहर उरकायला निघालेल्यांमुळं होतो. पण मी कुणाला सांगणार?

तिसरा थांबा रत्नांचं दुकान. कागदावर ते कुठंच नव्हतं. तिथं मात्र शिट्टी वाजली नाही. आत काचेची कपाटं, म्हणून पहारेकऱ्यानं मला बाहेर ठेवायला सांगितलं. चांगुणाबाईही मग बाहेरच खुर्चीवर बसल्या. सव्वा तास.

बसचा ड्रायव्हर सिंहली, पिकल्या केसांचा. त्यानं त्यांना चहा आणून दिला. साडीकडं पाहिलं आणि विचारलं, "टेम्पल?"

"विहार," चांगुणाबाई म्हणाल्या.

त्यानं हात जोडले. त्याची भाषा यांना येत नव्हती, यांची त्याला नव्हती. चांगुणाबाईंनी हळू आवाजात त्रिसरण सुरू केलं आणि दुसऱ्याच शब्दाला त्यानं आवाज मिळवला. पाली भाषेतलं त्रिसरण मात्र दोघांनाही पाठ होतं. पाठ संपल्यावर दोघंही हसले आणि चहा प्यायले. त्या सगळ्या सहलीत कुणी त्यांच्याशी दोन शब्द बरोबरीनं बोललं असेल तर तेवढंच.

मग मंडळी पिशव्या घेऊन बाहेर आली, गाडीत बसली. चांगुणाबाई सगळ्यांच्या शेवटी चढत होत्या. तेवढ्यात हरिओमनं माइक घेतला. "टाइम संपत आला. विहार वाटेतच आहे, डाव्या बाजूला दिसेल. गाडीतूनच फोटो काढा."

चांगुणाबाई पायरीवरच थांबल्या. त्यांनी मला दारात आडवी धरली, एक टोक या दांडीला, दुसरं त्या दांडीला, आणि पायरीवर बसून घेतलं.

"कागदावर ल्हेलंय," त्या म्हणाल्या. "मी वाचून आले."

"मावशी, जहाज निघून जाईल."

"अजून दीड तास हाये. घड्याळ कळतं मला."

"अहो, देवळं सगळीकडं सारखीच."

"देऊळ न्हाई, विहार. आन् खडे बी सारखेच अस्तेत. मंग सव्वा तास काय पाहून राह्यलते?"

मागं कुणीतरी हसलं. प्रितम पुढं आला, खाली वाकला. "आई, नको ना. सगळे बघून राह्यले." त्याचंही मी समजू शकते. दुकानाला एजन्सी कंपनी दरसाल नव्यानं देते, आणि शिफारस हरिओमची लागते. पण त्याच्या आईनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

"मुकादमाच्या शिट्टीवर तीस वर्षं उठले-बसले," त्या समोर बघून बोलल्या. "आता न्हाई."

ड्रायव्हरला मराठीतलं अक्षर कळलं नसेल. त्यानं इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली. गाईड त्याच्यावर चिडून बरंच बोलला. तो दोनच शब्द बोलला. मग गाईडनं हरिओमच्या कानात काही सांगितलं आणि हरिओम माइक न घेताच म्हणाला, "पंधरा मिनिटं."

विहारापाशी उतरताना हात द्यायला परतूरचे दुकानदार भुजंगराव आले. "चला मावशी, मीबी येतो." बाकी गाडी बसून राहिली. प्रितमही.

आतली फरशी तापलेली होती. बोधिवृक्षाखाली पांढऱ्या कपड्यातल्या बायका बसल्या होत्या, त्यांनी सरकून जागा केली. चांगुणाबाई माझ्या आधारानं हळूहळू खाली बसल्या. त्यांनी आपल्या गावच्या चालीत वंदना सुरू केली. शेजारच्या बाईनं डोळे उघडून पाहिलं आणि आपली चाल सोडून त्यांच्या चालीत म्हणू लागली. बाहेरून गाईडची शिट्टी दोनदा वाजली. चांगुणाबाईंनी एक शब्द गाळला नाही. भुजंगरावांनी मोबाइलवर एक फोटो काढला आणि नंतर सहलीच्या ग्रुपवर टाकला.

सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. आम्ही बंदरावर पोचलो तेव्हा जहाज सुटायला तास बाकी होता आणि आमची मंडळी उन्हात उभी राहून कंटाळली.

महिन्याभरानं जालन्याच्या एका हॉटेलात कंपनीनं मेळावा घेतला. पडद्यावर सहलीचे फोटो लागले, त्यात तो विहारातलाही. मला त्यातून कापून टाकलेलं. खाली मोठी अक्षरं, 'ज्येष्ठांच्या इच्छेचा मान'. हरिओम माइकवर सांगत होता, "मावशींची इच्छा म्हणून आम्ही खास गाडी वळवली." टाळ्या पडल्या. माझ्या अंगाची आग झाली. असलं खोटं आणि तेही त्या बाईला पुढच्या रांगेत बसवून.

प्रितम उठून उभा राहिला.

"साहेब, गाडी तुम्ही वळवली न्हाई. माझ्या आईनं दारात काठी आडवी धरली, तवा थांबली. ते ठिकाण तुमच्याच कागदावर होतं. आन् मी…" तो थांबला. "मी गाडीत बसल्तो. आईसंगं गेलो न्हाई."

टाळ्या थांबल्या. काहीतरी गैरसमज झालाय असं हरिओम म्हणाला आणि त्यानं पुढचा फोटो लावायला सांगितलं. प्रितम खाली बसला. चांगुणाबाईंनी मला डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात त्याच्या पाठीवर ठेवला. कार्यक्रम संपेपर्यंत तो हात तिथंच होता.

एजन्सीचा कागद अजून आलेला नाही. येईल, न येईल. मी सध्या दुकानात काउंटरला टेकून उभी असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघते. तुम्हाला एकच सांगणं आहे. माणसांना फिरायला न्या, जरूर न्या. पण जे ठिकाण सांगून न्याल तिथं गाडी थांबवा, आणि जो हळू उतरतो त्याला उतरू द्या. त्याला कुठं जायचंय ते तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

चांगुणाबाईंनी हात पुढं केलाय. निघते.