गोदाकाठचं हाड

माझी सासू अक्काबाई, लय हट्टी बाई. गेल्या पावसाळ्यात भट्टीवरची ताडपत्री वाचवायला गेला आणि माझा नवरा सुनील गोदावरीच्या पुरात वाहून गेला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेला, पण मढं काही सापडलं नाय. म्हणून म्हातारीच्या लेखी तो मेलाच नाय. "माझा लेक येईल, मग जेवीन," म्हणायची आणि ताट सारायची. समजावून समजावून माझं तोंड दुखलं. दिवसाकाठी दोन घास बळंच भरवायचे, तरी म्हातारी पार वाळून गेली होती. एका घरात दोन मरणं मला झेपणार नव्हती.

आम्ही मूळचे सुरगाण्याकडचे, आता नाशिकच्या खाली नदीकाठच्या वीटभट्टीवरच राहतो. विटांसाठी काठाची माती खणतो. संक्रांतीनंतर खणताना माझ्या कुदळीला हाड लागलं. नडगीएवढं, तपकिरी. म्हटलं, सुनीलचं तर नसेल? मालकानं कॉलेजच्या तृप्ती मॅडमना बोलावलं. त्यांनी हाड निरखलं, मातीचे थर बघितले आणि मला म्हणाल्या, "हे माणसाचं नाही गं. हजारो वर्षांपूर्वी इथं हत्ती, रानबैल, हरणं फिरायची. हे हरणाचं असेल. आता हाड कसलं, दगडच झालाय. जपून ठेव, मी न्यायला येते."

त्या गेल्या आणि अक्काबाई धावत आली. हाड माझ्या हातातून ओढलं, पदरानं पुसलं, छातीशी धरलं आणि असा हंबरडा फोडला! पुरानंतर पहिल्यांदा रडली बया.

"माझा सुनील गं! केवढं जड... दणकटच होता माझा लेक!"

म्हटलं, रडू दे. रडून मोकळी झाली तर जगेल तरी.

"हो आत्या," मी म्हणाले, "त्याचंच हाय."

दुसऱ्या दिवशी काठावर लाकडं रचली. वर ते एवढंसं हाड आणि सुनीलचा सदरा. आग अक्काबाईनंच दिली, कोणाचं ऐकलं नाय. मी बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, आणि खरं सांगते, मीही पोटभर रडले. घरी येऊन म्हातारीनं नागलीची भाकर खाल्ली, वर अजून मागितली. सुटलो गं बाई एकदाचे, असं वाटलं मला.

सकाळी राख सावडायला गेलो. अक्काबाईनं राखेत हात घातला. हाड तसंच! काळं पडलेलं, तडकलेलं, पण अख्खं. दगड कधी जळतो होय? भट्टीवर जन्म गेला माझा, तरी माझ्या मेलीच्या डोक्यात आलं नाय.

म्हातारी हाडाकडं बघत राहिली, मग हसली.

"रोशने, माणसाचं असतं तर राख झाली असती. हा माझा सुनील नव्हं. तो जिता हाय!"

"आत्या, तो मेला!" मी ओरडले. "हे हरणाचं हाय. मॅडमनं सांगितलं होतं मला!"

"मग काल कोणासाठी रडलीस?"

तिनं पूजेला आणलेल्या कुंकवात बोट बुडवलं आणि माझ्या कपाळावर टेकवलं.

"जित्या माणसाची बायको उघड्या कपाळानं फिरत नाय," म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं पुन्हा अन्न सोडलं. हातापाया पडले, शिव्या घातल्या, ऐकलं नाय. होळीच्या आधीच गेली. तिला जाळायला लाकडंसुद्धा फार लागली नाहीत.