विवाहित संशोधकांची यादी

विद्यापीठाच्या आवारात विवाहित संशोधकांसाठी अकरा खोल्या होत्या आणि विवाहित संशोधक होते एकशे चाळीस. या विषमतेवर विद्यापीठाने शोधून काढलेला तोडगा म्हणजे एक यादी. निवास कक्षाच्या दाराबाहेर, काचेमागे, ती चार टाचण्यांनी टोचलेली असे. यादीत नाव चढण्यासाठी विवाहाचा दाखला पुरे होई. नाव वर सरकण्यासाठी मात्र त्या अकरा खोल्यांतल्या कुणाचा तरी प्रबंध पूर्ण व्हावा लागे. आणि डोक्यावर छप्पर मिळालेल्या माणसाला प्रबंध संपवण्याची घाई कधीच नसते, एवढी साधी गोष्ट नियम करणाऱ्या सात विद्वानांपैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. ते सातही जण बंगल्यांत राहत होते.

पोथीबाई चार वर्षे या यादीत होती. हे नाव तिला वसतिगृहाने दिले होते. एका जुन्या ग्रंथाच्या चौदा हस्तलिखित प्रती समोर मांडून, कुठल्या लेखनिकाने कुठला शब्द गाळला आणि कुठला पदरचा घातला याची ती ओळीओळीने नोंद करी. तिचा नवरा कीटकशास्त्रात होता, म्हणून तो किडेवाला. तो मुलांच्या वसतिगृहात राही आणि ती मुलींच्या. मध्ये चार मिनिटांची वाट होती; लग्नालाही चारच वर्षे झाली होती.

बाहेर खोली घ्यावी, तर दोघांच्या विद्यावेतनात एक दार आणि अर्धी खिडकी आली असती, आणि विद्यावेतनही आपल्या मर्जीने उगवे. तेव्हा त्यांचा संसार मुलींच्या वसतिगृहाच्या भेटकक्षात थाटला गेला होता. वेळ, सायंकाळी पाच ते साडेसात. दोन बाके, एक पंखा, आणि कोपऱ्यात लोकर विणत बसलेल्या रेक्टरबाई. दाराशी नोंदवही. 'नाते' या रकान्यात किडेवाला रोज 'पती' असे लिही. पुढच्या रकान्यात भेटीचे कारण विचारलेले असे. पहिल्या वर्षी तिथे तो 'भेट' असे लिही, दुसऱ्या वर्षी 'संसार' लिहू लागला आणि आता नुसते 'तेच'.

"या जावईबापू," रेक्टरबाई सुईवरची नजर न काढता म्हणत. "आज दोन मिनिटं उशीर. भांडण झालंय की किडा सापडलाय?"

"किडा, बाई."

"मग ठीक. भांडायला वेळ पुरणार नाही तुम्हांला."

पोथीबाईला त्याचा सायंकाळचा चेहरा पाठ होता. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोकावून लाल झालेला डोळा, कॉलरपाशी बसलेली धूळ, पाच वाजता उसना आणलेला उत्साह आणि साडेसातला गळून पडलेले खांदे. सकाळचा चेहरा तिला माहीत नव्हता. लग्नानंतर त्या दोघांच्या वाट्याला एकत्र अकरा सकाळी आल्या होत्या. सगळ्या नातेवाइकांच्या घरी, जिथे कुणीतरी दार वाजवून "उठलात का रे?" असे विचारी आणि तो तिच्या आधी धडपडून उठून शर्ट शोधू लागे. झोपेतून हळूहळू वर येणारा, अजून कुणाचाच न झालेला असा तो माणूस कसा दिसतो, हे पाहायची तिला इतकी ओढ लागली होती की कधी कधी हस्तलिखितावर बोट ठेवून ती तासभर तशीच बसे आणि ओळ पुढे सरकत नसे. खोली मिळाली की आपण रोज त्याच्या आधी उठायचे आणि हाक मारायची नाही, एवढेच तिने ठरवले होते. बाकी भांडी, पडदे, जे काही बायका ठरवतात म्हणतात, ते तिने त्या सात विद्वानांवर सोडले होते.

परीक्षांच्या हंगामात त्यांचा क्रमांक पहिला झाला. आता अकरांतली एक खोली रिकामी होण्याचाच अवकाश होता.

आणि खोली रिकामी झाली होती. फक्त विद्यापीठाला ते माहीत नव्हते.

तीन आठवड्यांपूर्वी एका दुपारी रसायनवाली एक पिशवी घेऊन पोथीबाईच्या दारात उभी राहिली. दोघी एकाच वर्षी वसतिगृहात आलेल्या, एका बादलीत कपडे भिजवलेल्या. पुढे रसायनवालीने एका गणितज्ञाशी लग्न केले आणि यादी अजून आखूड होती तेव्हा, नशिबाने, सहाच महिन्यांत सात नंबरची खोली मिळवली. "दोन दिवस राहते," ती म्हणाली आणि गादी जमिनीवर अंथरून भिंतीकडे तोंड करून निजली. कारण तिने दुसऱ्या दिवशी सांगितले. तिचे वडील इस्पितळात असल्याचा निरोप चौकीदाराच्या फोनवर आला होता. गणितज्ञाने तो चिठ्ठीवर लिहून घेतला, चिठ्ठी खिशात ठेवली आणि एका सिद्धतेच्या मागे लागला. चिठ्ठी तीन दिवस खिशातच राहिली. वडील वाचले, पण त्या तीन दिवसांत त्यांनी सतरा वेळा दाराकडे पाहिले, हे रसायनवालीला तिच्या आईने मोजून सांगितले होते.

"मारलं असतं तर भांडले असते गं," ती म्हणाली. "विसरला. विसरलेल्या माणसाशी काय भांडायचं?"

नियम असा होता, की पती-पत्नींपैकी एक जरी खोलीत राहत नसेल तर दोघांच्या सहीच्या अर्जानिशी ती सोडावी. म्हणजे कायद्याने सात नंबर तीन आठवडे रिकामाच होता. हे जगात चार माणसांना ठाऊक होते आणि त्यांतली दोन यादीत पहिली होती.

"तुझ्या खोलीत माझी खोली झोपली आहे," किडेवाला भेटकक्षात हळूच म्हणाला. "रोज रात्री. जमिनीवर. आणि मी इथे लोकरीचे गुंडे मोजतोय."

"तिला मी काय सांगू? सही कर आणि मोकळी हो?"

"सांगू नकोस. पण ती स्वतः म्हणाली तर नाही म्हणू नकोस. एवढं तरी."

ती स्वतःच म्हणाली. चौथ्या आठवड्यात, केस विंचरता विंचरता. "अर्ज आण. मी सही करते आणि ताईकडे जाते राहायला, तासाभराचा तर प्रवास आहे. पण त्याची सही तू घेऊन ये. मला त्याचं तोंड बघायचं नाही." मग आरशातून पोथीबाईकडे पाहत म्हणाली, "बघ, निदान कुणाचा तरी संसार मार्गी लागू दे माझ्या हातून."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोथीबाई कोरा अर्ज घेऊन सात नंबरच्या दारात गेली. गणितज्ञाने दार उघडले. दाढी वाढली होती. शर्ट मात्र इस्त्रीचा होता, जणू कुठल्याही क्षणी कुणी येईल.

"या वहिनी. बसा. तिथे नको... त्या खुर्चीवर तिची शाल आहे."

शाल खुर्चीच्या पाठीवरून घसरता घसरता थांबल्यासारखी लोंबत होती. महिनाभर तिला कुणी धक्का लावलेला नव्हता. पोथीबाई पलंगाच्या कडेवर बसली आणि तिची नजर रसायनवालीच्या टेबलावरच्या भिंतीकडे गेली. भिंत चिठ्ठ्यांनी भरली होती. एकाच मापाच्या, ओळीत डकवलेल्या. तिच्यासारख्या बाईला समोर लिहिलेले दिसले की वाचल्यावाचून राहवत नाही. 'ताईचा फोन, दुपारी ३.१०, कळव म्हणाली.' 'दूधवाला उद्या येणार नाही.' 'प्रयोगशाळेतून विचारणा, काचेची नळी तुझ्याकडे आहे का.' 'वरच्या मजल्यावरची मुलगी साखर मागायला आली होती, दिली.' 'आईंचा फोन, सकाळी ८.४०, वडील जिना चढले.' प्रत्येकीवर तारीख आणि वेळ होती. जी बाई तिथे राहत नव्हती तिच्यासाठी महिन्याभराचे सगळे निरोप टिपून ठेवले होते. दूधवाल्याचासुद्धा गाळला नव्हता.

"भाऊजी," ती म्हणाली आणि अर्ज पुढे केला. बोलायचे म्हणून पाठ केलेली तीन वाक्ये तिला आठवेनात.

त्याने अर्ज वाचला. पुन्हा एकदा वाचला. "तिला असं हवंय?"

"ती म्हणाली."

"तुमचा क्रमांक पहिला ना?"

"हो."

"मग बरोबर आहे." त्याने सही केली, रेघ सरळ मारली आणि कागद देताना विचारले, "तिला ऋतू बदलला की खोकला येतो. येतोय का?"

"थोडा."

"कोमट पाणी घे म्हणावं. नको, म्हणू नका काही."

परतीच्या वाटेत पोथीबाईने घडी केलेला अर्ज पदराखाली धरला होता, पोटाशी, लहान मूल धरावे तसा. त्या कागदात तिच्या सकाळी होत्या. एक सही झाली होती, एक उरली होती.

रसायनवाली खिडकीत बसली होती. तिने अर्ज उलगडला, खाली पाहिले आणि तिचा आवाज एकदम लहान झाला.

"केली? लगेच?"

"हो."

"बरं." तिने पेन उघडले. "मला वाटलं, दार तरी लावून घेईल तुझ्या तोंडावर. काही म्हणाला?"

आता इथे गप्प बसणे ही जगातली सर्वांत सोपी गोष्ट होती. खोटेही बोलायचे नव्हते. केवळ एक मजकूर वगळायचा होता. चौदा प्रतींच्या चौदा लेखनिकांनी तसे शेकडो वेळा केले होते, कंटाळ्याने, भीतीने, कुणाची मर्जी राखायला, आणि पोथीबाईने सात वर्षे त्यांना तळटिपांत शिव्या घातल्या होत्या. विद्यापीठाने तिला खोली दिली नव्हती, वेळेवर पैसा दिला नव्हता, नवरा दिला होता तो दिवसाला अडीच तास. एकच सवय मात्र अंगात भिनवली होती, आणि ती नेमकी आज, चुकीच्या वेळी, उसळून वर आली. तिने ओठ आवळून धरले. पेन कागदाला टेकले.

"खोकल्याचं विचारलं," ती म्हणाली.

पेन थांबले. "आणि?"

"आणि भिंतीवर चिठ्ठ्या आहेत."

"कसल्या चिठ्ठ्या?"

तिने सांगितल्या. एकदा नजरेखालून गेलेले ती विसरत नसे, हा तिच्या व्यवसायाचा भाग होता. ताईचा फोन सांगितला, काचेची नळी सांगितली, साखर सांगितली. दूधवाल्यापाशी रसायनवाली हसली, मग जिन्यापाशी हसता हसता तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले.

"बावळट आहे तो," ती म्हणाली. "वडील जिना चढले हे मला आईनं सांगितलंच होतं की." तिने पेनाला टोपण लावले. "उद्या जाऊन बघून येते. नुसतं बघून."

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन बघायला गेली. सायंकाळपर्यंत आली नाही. पोथीबाईने गादी गुंडाळून पलंगाखाली सारली आणि पाच वाजता खाली उतरली.

सात वाजेपर्यंत तिला विषय काढवला नाही; मग किडेवाल्याने सगळे ऐकून घेतले.

"मला विचारलंस?"

"नाही."

"खोली दोघांची होती. चिठ्ठ्या चार दिवसांनी सांगता आल्या नसत्या? सहीनंतर?"

"आल्या असत्या."

"मग?"

"नाही जमलं."

"तुझ्या त्या मेलेल्या लेखनिकांनाच काय तो न्याय! मी जिवंत आहे, माझं काय?" त्याचा आवाज चढला. "पुढची खोली कधी? त्या अकरांत एकाचंही शेवटचं प्रकरण लिहून झालेलं नाही. मी विचारून आलोय. प्रत्येकाला!"

"जावईबापू," रेक्टरबाई म्हणाल्या. "आवाज. आणि अजून पंचवीस मिनिटं आहेत, सगळं भांडण आजच संपवू नका."

तो रागावलेला असतानाही तिच्या बाजूचा हात त्याने बाकावर तसाच ठेवला होता आणि तिने त्यावर आपला ठेवला. साडेसातला तो उठला, तेव्हा ती म्हणाली, "सकाळी सहाला फाटक उघडतं."

"मग?"

"रस्त्यावर भेटायला नोंदवही लागत नाही. उद्या ये. उठल्या उठल्या."

"कशाला?"

"तुला बघायला."

"रोज बघतेस की."

"संध्याकाळी," ती म्हणाली.

चार वर्षांत हे सुचले कसे नाही, याचे तिला रात्रभर नवल वाटत राहिले. खोलीची वाट पाहण्यात सगळी अक्कल खर्च झाली होती. सहाला पाच कमी असताना ती फाटकाशी उभी राहिली. केस विंचरलेले नव्हते, अंगावर कालचीच साडी, गालावर उशीचे वळ; तिने मुद्दाम आरशात पाहिले नव्हते. चौकीदाराने कुलूप काढले. रस्ता ओला होता, नुकताच कुणीतरी झाडून पाणी मारलेला. वळणावरून तो येताना दिसला आणि तिचे पाय आपोआप जलद पडू लागले.

तो जवळ आला. दाढी केलेली होती. भांग सरळ होता. अंगाला साबणाचा वास येत होता आणि शर्टाची वरची गुंडीही लावलेली होती.

"तू अंघोळ करून आलास," ती म्हणाली.

"मग?" तो हसला. कालचा राग कुठेतरी ठेवून आला होता. "बायकोला भेटायला यायचं तर काय तसाच येऊ, पारोसा? चार वाजल्यापासून जागा आहे मी."

त्याच्या डोळ्यांत झोपेचा मागमूस नव्हता. जो माणूस पाहायला ती आली होती, त्याला तो मुलांच्या वसतिगृहातल्या एका अरुंद पलंगावर सोडून, दार ओढून घेऊन आला होता. तिने हात वर करून त्याचा ओला भांग विस्कटला, एकदा, पुन्हा एकदा, आणि थोडे मागे सरून पाहिले.

"काय बघतेस?"

"काही नाही," ती म्हणाली. "चल, वळणापर्यंत चालू या."